सोळा मात्रा मोकळ्या

"ताई, हे पानी वतून टाकू का? पेटी उचलायचीय," सुरजने विचारलं.

बेसच्या मोठ्या पेटीवर स्टीलचं फुलपात्र होतं, काठोकाठ भरलेलं. सकाळी शटर वर गेल्या गेल्या सुरेखानेच ते भरून ठेवलं होतं. शाळेत असल्यापासून ती दुकानात आली की पहिलं काम तेच करायची. बाप जाऊन आज चौदावा दिवस होता, पण हाताला ते कोण सांगणार.

"असू दे. ही पेटी सगळ्यात शेवटी ने. एक माणूस यायचाय."

"कोन?"

"सटवाकाका."

सुरजचा हात वायरींच्या गुंडाळ्यातच थांबला. सुरज सिरसाळ्याचा डीजेवाला. सात वर्षं त्याच्या गाडीचे सगळे स्पीकर सुरेखाच्या बापाच्या, रामहरी उस्तादाच्याच हातून दुरुस्त झालेले. आता दुकान मोकळं करायचं होतं, म्हणून राहिलेलं सामान तोच घेऊन चालला होता.

"सटवा? आहेर पुकारनारा?" तो म्हणाला. "त्यो कशाचा येतोय, ताई! मौतीला आला न्हाई, दहाव्याला आला न्हाई. उस्तादाचं नाव निघालं की तोंड फिरवतोय त्यो."

"आज समोरच्या मंगल कार्यालयात त्याचं लग्न आहे. म्हणजे माईकवर तो आहे. मी फोन केलाय."

"काय म्हनला?"

"काही नाही. ठेवला."

सुरज पुन्हा वायरी गुंडाळायला लागला. मांजरसुंब्याच्या चौकातून ट्रक वळत होते, आणि प्रत्येक वळणाऱ्या ट्रकबरोबर फुलपात्रातलं पाणी थोडं शहारत होतं. सुरेखा ते बघत बसली.

रामहरी आणि सटवा, दोघंही पालीचे. दोघांचीही घरं दिवाळी झाली की ऊस तोडायला जायची. कारखान्यावर मोळ्या भरून झाल्या की सटवा ट्रकच्या माथ्यावर उभा राहून बोलायला लागायचा. गाणं नव्हतं ते, आणि नुसतं बोलणंही नव्हतं. एका दमात, शब्दावर शब्द आदळत तो सुटायचा. मुकादमाची टिंगल, कारखान्याच्या काट्याची टिंगल, स्वतःच्या फाटक्या चपलेची टिंगल. खाली रामहरी डिझेलच्या रिकाम्या पिंपावर दोन्ही हातांनी ठेका धरायचा. पुढे कोयते सुटले, मांजरसुंब्याला दुकान झालं, पाटीवर दोघांची नावं आली. वरातीत सटवा माईकवर आणि रामहरी आवाजाच्या मशीनवर. बोलायला लागण्याआधी सटवाची एक रीत होती. तो गर्दीला विचारायचा, "मशीनवर कोन हाय?" आणि मग स्वतःच सांगायचा, "मशीनवर रामहरी, गाव पाली!" हे झाल्याशिवाय त्याने कधी तोंड उघडलं नाही.

मग पोरांना बेसचा धक्का हवासा झाला. छातीत बसणारा, घराचे पत्रे हलवणारा. रामहरीने बेसच्या पेट्या बनवायला घेतल्या, आणि त्याचा हात असा बसला की लातूरहून लोक माप विचारायला यायचे.

चौदा वर्षांपूर्वी सिरसाळ्याला विजयसिंह नावाच्या पुढाऱ्याच्या मुलाच्या वरातीत ते घडलं. सटवाने रीतीप्रमाणे रामहरीचं नाव घेतलं, बोलायला सुरुवात केली, आणि रामहरीने बेस वाढवला. सटवाने कमी कर म्हणून हात केला. रामहरीने आणखी वाढवला. सटवा ओरडत राहिला, ओठ हलत राहिले, शब्द एक ऐकू येईना. पोरं हसायला लागली. "काका, गोळी गिळली का?" असं कुणीतरी म्हणालं. सटवाने माईक गाडीच्या फळीवर ठेवला, खाली उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "रामहरी, तुला आवाज पायजे होता, मानूस नको होता. तुझ्या दुकानातलं पानी प्यायचो न्हाई इथून पुढं."

त्या दिवसापासून सटवा लग्नात आहेर पुकारतो. अमक्यांकडून पातेलं, तमक्यांकडून भरपोशाख. तेवढंच.

सुरेखाला त्या वेळी विसावं चालू होतं. वरातीच्या दोन महिने आधी बापाला बीडच्या कानाच्या डॉक्टरकडे तीच घेऊन गेली होती. डॉक्टरने कागदावरची उतरती रेघ दाखवली. वरचे आवाज गेले होते. माणसाचं बोलणं ऐकू यायचं, पण शब्द फुटायचे नाहीत. खालचे आवाज शाबूत होते. समोर बसलेल्याचे ओठ बघून तो बोलणं कसंबसं निभावून न्यायचा. सटवाचा आवाज तर पातळ, सगळा वरचा. बाहेर आल्यावर रामहरीने तिला रसवंतीवर बसवलं आणि म्हणाला, "सुरे, कुनाला बोलू नको. बहिऱ्याकडं मशीन कोन देईल? तुझ्या आईलाबी नको. शपथ हाय."

तिने शपथ पाळली. वरातीतून तो घरी आला तेव्हाही. पाठमोऱ्या सटवाचा आवाज आपल्याला लागलाच नाही, तो बोलायचा थांबून वाढव म्हणून हात करतोय असं वाटून आपण धक्का चढवला, असं त्याने तिला सांगितलं, तेव्हाही. "मग सांग ना त्यांना," ती म्हणाली होती. "येईल त्यो आपनहून," रामहरी म्हणाला होता.

दुरुस्त केलेला स्पीकर तो तळहाताने आणि पाण्याने तपासायचा. पेटीवर भरलेलं फुलपात्र. पाण्यावर गोल रेघा उठल्या तर कॉईल सरळ बसली. पाणी एका अंगाला थरथरलं तर घासतेय. गिऱ्हाइकांना वाटायचं, उस्तादाला तहान फार.

"ताई, टेस्टिंगचं गानं लावू का येकदा?" सुरजने विचारलं. "पेटी नेन्याआधी."

"कुठलं?"

"उस्तादानी माझ्याकडून करून घेतलतं की. तीन वर्सं झाली. प्रत्येक पेटीला तेच लावायचे. पर लई इचित्र हाय. धक्का, धक्का, आन मधीच समदं बंद. सोळा मात्रा निस्ती टिकटिक. मंग पुन्हा धक्का. मी म्हनलं, उस्ताद, हितं रिकामं कावून? कायतरी टाकू. तर म्हनले, ऱ्हाऊ दे, कॉईलची खरखर ऐकू येती मोकळ्या जागंत." तो हसला. "पर खरखर ऐकायला पेटीला कान लावताना कधी दिसले न्हाईत बगा."

सुरेखाने त्याच्याकडे बघितलं. तीन वर्षं.

ती छत्रपती संभाजीनगरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी पाश्चात्त्य संगीतावरच्या पुस्तकांची खोकी भेट दिली होती. नोंदी करता करता ती वाचत गेली. लंडनच्या गरीब वस्त्यांतली पोरं, परवाना नसलेली रेडिओ केंद्रं, तळघरांतले कार्यक्रम. तिथून पंचवीसेक वर्षांपूर्वी दोन तऱ्हेचं संगीत निघालं. एकाला ग्राइम म्हणतात, एकाला डबस्टेप. सुट्टीत आली तेव्हा तिने दोन्ही बापाला लावून दाखवलं होतं, याच पेटीवर. रामहरी तळहात टेकवून, पाण्याकडे बघत बसला. मग घड्याळ काढून मोजायला लागला.

"दोनीची चाल येकच हाय," तो म्हणाला. "मिन्टाला येकशेचाळीस."

तिला नवल वाटलं. पुस्तकातही तेच लिहिलं होतं.

"हो. एकाच घरातून निघालेत. ग्राइमवाले बोलतात, भराभर, आपल्या गल्लीचं, पोलिसांचं, पोटाचं. डबस्टेपवाल्यांनी शब्द कमी केले आणि खालचा आवाज ठेवला."

"म्हंजी येकानं तोंड नेलं आन येकानं छाती." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मंग बोलतेत का येकमेकाशी?"

"बोलतात. डबस्टेपच्या गाण्यात मधे मधे मोकळी जागा असते. कार्यक्रमात कुणी बोलणारा आला तर तो तिथे माईक धरतो."

"आन न्हाई आला तर?"

"तर तशीच जाते मोकळी."

तो फुलपात्रातलं पाणी बदलायला उठला होता.

"लाव," ती सुरजला म्हणाली. पण त्याने मशीन चालू करायच्या आत दारात सावली पडली.

सटवा उन्हातच उभा होता. डोक्याला लग्नाचा गुलाबी फेटा, खिशाला पाहुण्याचं फूल, हातात आहेराची वही. चेहरा मात्र वाळलेला.

"काय काम हाय, पोरी? हळदीचा आहेर उरकून आलो. अक्षदा पडायच्या हायेत."

"या ना काका, आत या. पाणी—"

"पानी नको."

तो आत आला, पण बसला नाही. भिंतीवर रामहरीचा फोटो नव्हता. त्या जागी जुनी पाटी टेकवून ठेवली होती, दोन्ही नावांची. सटवाने ती बघितली आणि नजर वळवली.

"उस्ताद गेले तवा आला न्हाईस," सुरजला राहवलं नाही.

"तू गप बे. तुझ्या बापाच्या लग्नात आमी दोघं होतो, इचार घरी." मग सुरेखाला म्हणाला, "बोल लवकर."

तिने पर्समधून कागद काढला. चौदा वर्षांनी घड्यांवर फाटत आलेला. वरची तारीख तिने बोटाने दाखवली, मग ती उतरती रेघ.

"हा बाबांच्या कानाचा कागद आहे. वरातीच्या दोन महिने आधीचा. त्यांना तुमचा आवाज ऐकू येत नव्हता, काका. तुमचाच येत नव्हता. बेस तेवढा यायचा. तुम्ही थांबलात असं वाटलं त्यांना."

सटवाने वही काखेत धरली आणि कागद दोन्ही हातांत घेतला. वाचता येण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. तारीख होती, नाव होतं. तो बराच वेळ तारखेकडेच बघत राहिला.

"बहिरा हुता?"

"हो."

"आन मशीनी दुरुस्त करायचा?"

"हाताने. आणि त्या पाण्याने."

सटवाने फुलपात्राकडे बघितलं. "मला वाटायचं तहान लागती त्याला," तो म्हणाला. मग एकदम आवाज चढला. "तुला ठावं हुतं? तवापासनं?"

"शपथ घातली होती त्यांनी."

"शपथ!" त्याने कागद पेटीवर आपटला, पाणी काठावरून थोडं सांडलं. "चौदा वर्सं मी त्याला शिव्या घातल्या चौकाचौकात. तू कालेजात शिकत हुतीस, पुस्तकं वाचत हुतीस. येक फोन करायला येत नव्हतं तुला? आता बोलवून घेतीस, त्यो राखंत गेल्यावर? माझं डोस्कं आता कुठं आपटू, सांग."

गेले चौदा दिवस ती स्वतःला हेच विचारत होती. शपथ पाळणं सोपं होतं, एवढंच तिला कळलं होतं, आणि ते सटवाला सांगून काही उपयोग नव्हता.

"चुकलं माझं, काका," ती म्हणाली.

सटवा दाराकडे वळला. कार्यालयातून स्पीकरवरची सनई ऐकू येत होती, कुणीतरी माईकवर "सटवामामा, जिथं असाल तिथून स्टेजजवळ यावं" असं म्हणत होतं.

"सुरज, लाव," सुरेखा म्हणाली.

धक्का आला तसा पत्रा वाजला. सटवा पायरीवरच थांबला. तो धक्का ओळखीचा होता. डिझेलच्या पिंपावरचा ठेका, फक्त पन्नास पटीने खोल. चार वेळा तो फिरून आला आणि मग एकदम सगळं बंद. नुसती टिकटिक. दुकानात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. सटवाचं बोट वहीवर टिकटिकीबरोबर पडत होतं. सोळा झाल्या. धक्का परत आला.

"हे काय हाय?" त्याने विचारलं.

"बाबांनी करून घेतलंय. मधली जागा मोकळी ठेवलीय. बोलणाऱ्यासाठी."

सुरजने चमकून तिच्याकडे बघितलं.

सटवा आत आला. फेटा काढून त्याने स्टुलावर ठेवला. त्या स्टुलावर एरवी रामहरी बसायचा.

"पुन्यांदा लाव."

दुसऱ्या वेळी मोकळी जागा आली तेव्हा त्याने तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. जागा तशीच गेली. तिसऱ्या वेळी सुरेखा उठून मशीनपाशी गेली. सुरज बाजूला सरकला. तिने बेसच्या बटणावर बोटं ठेवली.

टिकटिक सुरू झाली.

"मशीनवर..." सटवा म्हणाला. आवाज बसका होता, पातेली नि भरपोशाख पुकारून घासलेला. "मशीनवर रामहरी. गाव पाली." त्याने श्वास घेतला.

"पाचट पायात, पानी न्हाई गावात,
सहा म्हयनं काढले बैलाच्या भावात..."

सोळा मात्रा संपत आल्या होत्या आणि त्याचं बोलणं संपलं नव्हतं. धक्का परत यायच्या बेताला सुरेखाने बटण हलकेच खाली आणलं. बेस आला, पण दुरून, पिंपावर कुणीतरी हाताने वाजवावं तसा. त्यावर सटवा बोलत राहिला. काही ओळी त्याला आठवल्या नाहीत, तिथे त्याने नुसता हात हलवला. सगळे शब्द मात्र ऐकू आले.

गाणं संपलं. कार्यालयातून पुन्हा त्याच्या नावाचा पुकारा झाला. सटवाने फेटा उचलला, डोक्यावर नीट बसवला. मग पेटीवरचं फुलपात्र घेतलं. पाण्यावर धूळ आली होती. ती त्याने फुंकरीने बाजूला केली आणि अर्धं पाणी प्यायला. उरलेलं परत होतं तिथे ठेवलं.

"येतो," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

तो रस्ता ओलांडून जाईपर्यंत दोघं बघत होते. पिकअप दाराशी लागली होती, शेवटची पेटी तेवढी राहिली होती. फुलपात्रातलं पाणी अजून हलत होतं. ते थांबेपर्यंत सुरजने पेटीला हात लावला नाही.