मेंढरं वळवणारा आवाज

“नाव माझ्या आईचं, गाणं आईचं, पण आवाज तिचा नाही!” रेकॉर्ड वाजत असतानाच पाहुणी ताडकन उठून उभी राहिली. “कुणा भलत्याच पोरीला गायला बसवलंत आणि वर आईचं नाव छापलंत!”

वहिनींच्या हातातला खळीचा ब्रश तसाच थांबला. ही पाहुणी शहरात बस चालवायची. काल बस चालवताना रेडिओवर तिने आईचं नाव ऐकलं आणि आज सुट्टी टाकून, पत्ता शोधत ती या दोन खोल्यांच्या रेकॉर्ड कंपनीत येऊन थडकली. कंपनी म्हणजे तरी काय, भाऊ आणि वहिनी, नवरा-बायको. पोस्टमनपासून वाण्यापर्यंत सगळे त्यांना याच नावांनी ओळखत. भाऊंनी उभा जन्म खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून रानोमाळ भटकण्यात घालवला. नावाडी, दगडफोडे, विहिरी खणणारे, जो गाईल त्याच्यासमोर हा गृहस्थ मांडी ठोकून बसणार. वहिनी घरी जेवणाच्या टेबलावर रेकॉर्डची पाकिटं चिकटवत. वर्षात एकच प्रत खपली तरी रेकॉर्ड बंद करायची नाही, हा भाऊंचा हट्ट. वहिनी कपाळाला हात लावत, आणि पुन्हा पाकिटं चिकटवायला घेत. असा माणूस शोधून सापडायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याला तसं सांगायची मात्र सोय नव्हती, लगेच आणखी एक टेपरेकॉर्डर आणला असता.

या सगळ्या न खपणाऱ्या गोतावळ्याला पोसणारं एकच कमावतं लेकरू होतं, ती ही मेंढपाळ बाईची रेकॉर्ड. कोवळा, नाजूक आवाज. कुठून कुठून मागणी यायची. घरात मूलबाळ नव्हतं. त्या आवाजाला वहिनी ‘माझी चिमणी’ म्हणत आणि काम करताना रोज एकदा तरी तो लावत.

“अहो बाई, मी खोटं कशाला छापू?” भाऊ कळवळून म्हणाले. “मी तिच्यासमोर बसून घेतलंय हे गाणं. तिच्या पाठीला पाठ लावून एक मुलगी बसली होती.”

“ती मीच!” पाहुणीचा आवाज चिरकला. “आई गायली की पलीकडच्या टेकडीवरून कळप माघारी वळायचा, काका. माझ्या बरगड्यांत घुमायचा तिचा आवाज. या असल्या आवाजाला एक कोकरूसुद्धा वळलं नसतं!”

चिमणीला कुणी बोललेलं वहिनींना खपायचं नाही. “लहानपणी सगळंच मोठं वाटतं गं,” त्या जरा तोडूनच म्हणाल्या.

“वाटत असेल. पण तिचा फोटो नाही, चेहरा आठवत नाही. आवाज तेवढा राहिला होता माझ्यापाशी. आता तोही खोटा म्हणू का, काकू?”

वहिनींनी ब्रश खाली ठेवला. भाऊ मात्र डोकं खाजवत होते.

“अगं, त्या वेळी मी परत आलो तेव्हा मशीन कसं होतं?”

“मेलेलं होतं. बॅटऱ्या पार संपल्या म्हणून गावभर शिव्या घालत आलात.”

आता भाऊंच्या ध्यानात आलं. बॅटरी मरायला टेकली की टेप हळू फिरते. मग तिच्यावर घेतलेलं गाणं नेहमीच्या वेगाने वाजवलं की ते पळतं, आणि आवाज चढतो. मोठ्या बाईची पोर होते. भाऊंनी तिला ऐकलं होतं त्या एकाच संध्याकाळी. पुढे जो तो वाहवा करत सुटला, मग खोड कोण शोधतो?

“रेकॉर्ड पुन्हा लाव आणि वेगाची खुंटी फिरव,” ते म्हणाले. “हळू कर.”

वहिनींनी खुंटीला हात लावला. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं. त्या अगदी सावकाश फिरवत गेल्या. चिमणी थोडी मोठी झाली, मग लग्नाच्या वयाची झाली, मग भरल्या अंगाची बाई झाली.

“थांबा!” पाहुणीने त्यांचं मनगट धरलं. “हीच. हीच आई.”

आणि ती लहान मुलीसारखी हमसून रडायला लागली.

टेबलावर नव्या आवृत्तीच्या पाकिटांचा ढीग होता. छपाई उद्याच होती. भाऊंनी रेकॉर्ड छापून विकणाऱ्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडचा आरडाओरडा खोलीभर ऐकू आला, “वेड लागलंय का, भाऊ? लोकांना तोच कोवळा आवाज हवाय!”

भाऊ अडखळले. बाकीच्या साऱ्या नावाड्यांचं, दगडफोड्यांचं पोट या एकीवर होतं. वहिनींनी फोन ओढून घेतला.

“लोकांना हवं ते विकायला आम्ही काय भाजीचं दुकान मांडलंय? बाई जशी गायली तशीच छापायची. नाहीतर छापूच नका!”

“अगं, पण मग बाकीच्यांना पोसणार कोण?” भाऊ हळूच म्हणाले.

“आजवर तुम्ही पोसत होतात वाटतं?” वहिनींनी डोळे पुसले आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

पाहुणी जमिनीवर बसली आणि स्पीकरच्या खोक्याला पाठ लावून तिने डोळे मिटले. आई गायला लागली. पाकिटं बाजूला सारून वहिनीही ऐकत राहिल्या. हे गाणं किती वेळात संपतं ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. ती वेळ झाली तशी सवयीने सुई उचलायला त्यांचा हात पुढे गेला.

गाणं अजून बाकी होतं. वहिनींनी हात मागे घेतला.