झोपलेला लेथ

"यंत्र झोपलेलं असताना बघावं, बाळा. जागं झाल्यावर सगळीच गोड बोलतात."

बाबांनी हे म्हटलं तेव्हा चिझुरु शाळेत जायला नुकतीच लागली होती. जुन्या यंत्रांच्या गोदामात त्यांनी एका लेथच्या, कातकामाच्या यंत्राच्या, पाठीवर तिचा इवलासा हात टेकवला आणि त्यावर आपला हात ठेवला. खाली लोखंड गार, वर बाबांचा तळवा उबदार. तो गारवा आणि ती ऊब तिच्या हातातून कधी गेलीच नाही.

बाबा गेले. मागे हिगाशी-ओसाकातला छोटा कारखाना उरला, त्यात एक हातलेथ आणि दोन बायका. चिझुरु लेथवर उभी राहायची आणि आई, फुसाए, बाकावर बसून तयार जॉबची बर काढायची. कडांवरची खरखर ती इतक्या मायेनं घासायची, की जणू लेकराचे केस विंचरतेय.

आता पंपवाल्या कंपनीनं पितळी बुशांचं, म्हणजे दांड्याभोवती बसणाऱ्या नळकांड्यांचं, काम देऊ केलं होतं, दर महिन्याचं, कायमचं. पण बुश सगळे एकसारखे हवेत आणि भरपूर हवेत. हातलेथला ते झेपणारं नव्हतं. संगणकावर चालणारा सीएनसी लेथ आला तर कारखाना उभा राहणार, नाही आला तर शटर ओढायचं. नव्या यंत्राकडे बघायचीही ऐपत नव्हती, म्हणून मायलेकी फेब्रुवारीच्या थंडीत जुनी यंत्रं विकणाऱ्या त्सुजिमोतोशेठच्या गोदामात आल्या होत्या.

"या काकू, या ताई! हा बघा, नवरीसारखा नटलाय!" शेठनं हिरव्यागार, नुकत्या रंगवलेल्या लेथवर थाप मारली.

चिझुरु जवळ गेली. किती देखणा! आणि भावही आवाक्यातला. हातमोजा काढून तिनं स्पिंडलच्या, फिरत्या दांड्याच्या, घरावर तळवा टेकवला. लोखंड कोमट होतं.

"शेठ, याला सकाळी फिरायला कुणी नेलं होतं?"

"अहो, थंडी किती पडलीय! जरा अंग शेकवलं बिचाऱ्याचं."

"अंग दुखत असेल त्याचं. गार असताना कण्हतो वाटतं?"

शेठ गडगडाटी हसला. "तेत्सुजींची लेक ना तू? त्यांनीही मला असंच पकडलं होतं. चल, मागं चल."

मागच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, मळक्या पिवळट रंगाचा एक लेथ उभा होता. रंगाचे पोपडे निघालेले, बटणांवरची अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. याओ गावातल्या एका म्हाताऱ्या मालकानं कारखाना बंद करताना विकलेला. चिझुरुनं हात ठेवला आणि झटकन मागं घेतला. बर्फ! तिला हसूच फुटलं.

"ऊठ रे राजा," ती पुटपुटली आणि बटण दाबलं.

स्पिंडल फिरू लागला. ना खडखड, ना कण्हणं, एकच लांबलचक सूर. तिनं डगमग मोजायचा डायल लावला. काटा जेमतेम थरथरला आणि थांबला. हत्याराची गाडी पुढं नेली, मागं आणली, जॉब पकडणाऱ्या चकच्या जवळ पुन्हा पुन्हा तपासलं, कारण बारीक कामं करणाऱ्यांच्या हातून गाडीखालचा बेड तिथंच झिजतो. तिथंही झीज नावापुरतीच. घरून आणलेला पितळी तुकडा तिनं गार यंत्रावर कातला. सोनेरी भुगा उडाला, तिच्या बाहीवर, केसांत.

"आता तापू दे. मग पुन्हा कातू. दोन्ही मापं जुळायला हवीत."

तोवर तिघं रिकाम्या खोक्यांवर बसली. आईनं डब्यातले उमेची आंबट, खारवलेली फळं घातलेले भाताचे गोळे वाटले. चिझुरुनं गोळा हातात तसाच धरला. सूर ऐकतच ती बसली होती. आई मात्र लेथच्या पुढ्यातल्या लाकडी फळीकडे बघत होती. पावलांनी झिजून फळीला दोन खळगे पडले होते.

"ती फळी जाळून टाकू का?" शेठनं विचारलं. "चालवणारा तुमच्याएवढाच असणार, काकू. बुटका."

"जाळू नका," आई एवढंच म्हणाली.

दुसरा तुकडा कातून झाला. चिझुरुनं मायक्रोमीटर फिरवला, पुन्हा फिरवला, तिसऱ्यांदा श्वास रोखून फिरवला. फरक होता तो केसाच्या दहाव्या हिश्शाएवढाही नव्हता.

"आई! जुळलं! आई, जुळलं गं!"

आईनं पिशवीतून खडीसाखरेची गोळी काढून शेठच्या हातावर ठेवली. "घ्या शेठ. तोंड गोड करा, आणि आता आकडाही गोड करा."

"काकू, एका गोळीत?"

"दोन घ्या. पण घरपोच पोचवायचा खर्च तुमचा. आणि फळी फुकट."

"तुमच्यापुढं मी मुलाबाळांसकट उपाशी मरणार!" शेठ कुरकुरला, पण गोळी तोंडात टाकली. म्हणजे सौदा ठरला. मग त्यानं सहज विचारलं, "बरं, चालवणार कोण? ताई हातलेथवर, मग हा?"

चिझुरुचा आनंद जागीच थबकला. गेला महिनाभर हाच प्रश्न ती टाळत होती. हातलेथवरची दुरुस्तीची कामं सोडली तर घर चालणार नाही, आणि पगारी माणूस परवडणार नाही. यंत्र मिळालं, पण हात कुठून आणायचे?

"बघतेय... कुणीतरी शोधतेय," ती अडखळली.

आई उठली. बूट झटकले आणि फळीवर चढली. त्या दोन खळग्यांत तिची पावलं अलगद बसली. पुसल्या अक्षरांच्या बटणांवर हात बरोबर पोचले. यंत्राच्या उबदार पाठीवर तिनं तळवा ठेवला. घासून घासून गुळगुळीत झालेला तळवा.

"शोधू नकोस," ती मागं न वळता म्हणाली. "तुझ्या बाबांनी एकदा विचारलं होतं मला, लेथ शिकतेस का म्हणून. मी म्हटलं, नको, भीती वाटते. खोटं बोलले. दोघंही यंत्रापाशी उभी राहिलो असतो, तर तुला शाळेतून आणायला कोण गेलं असतं? भीती कसली, चिझुरु. मला हवं होतं गं. अजून हवंय."