अकरा नंबरची पेटी, बारा नंबरची पेटी

अकरा आणि बारा हे दोन आकडे चार महिने माझ्या डोक्यात झोका खेळत होते. एक वर गेला की दुसरा खाली.

प्रयोगशाळेत माझं काम रक्त मोजायचं. रक्तात एक पेप्टाइड असतं, प्रथिनाचा एवढासा तुकडा. ते किती आहे हे यंत्रातून काढायचं आणि तक्त्यात लिहायचं. ते आपलं शरीरच बनवतं, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात. पेशीची चूल म्हणा हवं तर. ऊब तिथली, बळ तिथलं. आणि ही चूल येते ती आईकडूनच. बाप नाक देईल, डोळे देईल, रागही देईल. चूल देत नाही.

ज्यांची चूल मंदावते त्यांचे पाय दमतात. तेच पेप्टाइड बाहेर बनवून सुईने टोचलं तर विस्तव पुन्हा धरेल का, हे आमच्या मॅडम शोधत होत्या. चोवीस आजारी माणसं. निम्म्यांना औषधाची पेटी, निम्म्यांना मिठाच्या पाण्याची. कोणाची कुठली, हे माणसांना ठाऊक नाही. रक्तावरून आम्हाला अंदाज यायचा, पण आमच्याकडे नुसते नंबर, नावं नाहीत.

त्या चोवीस जणांत माझी आई होती आणि तिची थोरली बहीण, माझी मावशी. दोघींना एकच आजार, एकाच आईकडून आलेला. दोघी एकाच घरात राहतात, तिसऱ्या मजल्यावर. त्यांचे नंबर मला कळू नयेत असा नियम होता. मी त्यांच्या फ्रिजकडे पाठ करून पाणी प्यायचे.

पहिल्या महिन्यात अकरा नंबरचं रक्त सपाट, बाराचं भरलेलं. दुसऱ्या महिन्यात उलटं. तिसऱ्यात पुन्हा पहिल्यासारखं, चौथ्यात पुन्हा उलटं. विहिरीवरचे दोन पोहरेच जणू.

"तू नळ्यांची अदलाबदल करतेस," मॅडम म्हणाल्या. त्या ओरडत नाहीत, हळू बोलतात. त्याचीच जास्त भीती वाटते.

"मी प्रत्येक नळी दोनदा वाचते, मॅडम."

"मग यंत्र खोटं बोलतंय?"

मी यंत्र उघडून पुसलं. उरलेलं रक्त पुन्हा मोजलं. आकडे तेच. तक्ता उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. काहीच सुचेना. मग रविवारी आईकडे गेले.

मावशी खुर्चीत बसून गुणगुणत होती. तिला ओव्या सुचतात, कधीही, कशावरही.

"माउलीनं दिली चूल, चुलीसंगे दिला धूर,
लेकी, तुझ्या पावलांत तिच्या हाडांची कुरकुर."

"आज दोन मजले न थांबता चढले," आई म्हणाली. "आणि ही बाई माझ्या पुढे."

"पुढे कसली! तू वाटेत शेजारणीशी गप्पा मारत बसलीस."

"दम खात होते गं ताई. गप्पा मारल्या की दम लागलेला दिसत नाही."

दोघी हसल्या. खरंच, चार महिन्यांपूर्वी या दोघींना मी एकेक पायरी धरून चढवत होते.

"अगं, माझी सुई आण जरा," मावशी मला म्हणाली. "डाव्या कप्प्यात, निळ्या टोपणाची."

मी नाही म्हणायला हवं होतं. फ्रिज उघडला. डाव्या कप्प्यात मावशीची पेटी, तिच्यावर आईच्या अक्षरात 'ताई' असं लिहिलेलं. खाली छापील नंबर, अकरा. उजव्या कप्प्यात बारा. पण बाराच्या पेटीवरही 'ताई' असं लिहून खोडलं होतं. आणि अकराच्या पेटीवर त्याच अक्षरात आधी लिहून खोडलेलं 'मी'.

मी दोन्ही पेट्या बाहेर काढल्या.

"आई, या पेट्या तुम्ही बदलता?"

"दर महिन्याला," आई सहज म्हणाली. "नवीन पेट्या मिळाल्या की एक महिना ज्याची त्याची, पुढच्या महिन्यात अदलाबदल. एकीत पाणी असलं तर निदान निम्मं औषध तरी दोघींना मिळेल."

"लहानपणी लिमलेटची एकच गोळी मिळायची," मावशी म्हणाली. "पदरात धरून चिमणीच्या दातांनी तोडायचो. आता काय मोठ्या झालो म्हणून एकटीनं खायची?"

"अगं, पण हा प्रयोग आहे!"

"प्रयोग तुमचा. पाय आमचे."

मी खाली बसले. बाराची पेटी औषधाची, हे मला आता कळत होतं, आणि खोडलेल्या अक्षरांवरून बारा नंबर मुळात मावशीचा. म्हणजे औषध मावशीच्या वाट्याचं. माझी आई त्यातलं निम्मं घेत होती. पण पुढचं कळेना. तपासणीत दोघींना सहा मिनिटं चालवत. दोघींचं चाललेलं अंतर दर महिन्याला वाढलं होतं, पाण्याच्या महिन्यातही. मग ते औषधाचं की सोबतीचं? एकमेकींना हरवायच्या हट्टाचं? की निम्म्या औषधानेच चूल धरली?

"सांगितलं तर तुम्हाला काढतील," मी म्हणाले. "नाही सांगितलं, तर बावीस जणांच्या आकड्यांत तुमचा खोटा आकडा मिसळेल. त्यावरून पुढे कोणाला तरी औषध मिळेल नाहीतर मिळणार नाही."

आईने एकेक बोट मोडलं. "आणि तुला ओरडा पडतोय?"

मी पेट्या परत फ्रिजमध्ये ठेवायला उठले. तिला कळलं.

सोमवारी दोघी माझ्यासोबत आल्या. मॅडमना आईनेच सांगितलं, महिने मोजून, चूक कबूल करणाऱ्या शाळकरी मुलीसारखं. मॅडमनी ऐकलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "तुझ्या घरचे नंबर तुला कळायलाच नको होते," त्या मला म्हणाल्या. मग दोघींना, "तुम्हाला आता इथून जावं लागेल. औषध बंद. पण महिन्याभराने एकदा चालून दाखवा, माझ्यासाठी."

महिन्याभराने दोघी लांब मार्गिकेत उभ्या राहिल्या. माझ्या हातात घड्याळ. सहा मिनिटांनी मावशी आधीच्यापेक्षा बारा मीटर मागे. आई चार मीटर पुढे.

मॅडमनी लिहिलं. कडेला प्रश्नचिन्ह काढलं. ते खोडलं. मग पुन्हा काढलं.

"याचा अर्थ काय?" मी विचारलं.

"मला कळलं असतं तर हे पुन्हा काढलं असतं का?" त्या म्हणाल्या.

परतताना मावशी जिन्यावर दोनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा आईने तिच्या काखेत हात घातला आणि मला जवळ ओढून कुजबुजत विचारलं, "खरं सांग. औषध कोणाच्या पेटीत होतं? तिच्याच ना? मी तिचं खाल्लं का गं?"

मावशीला ऐकू गेलं असावं. तिने वर पाहिलं नाही, पायरीकडेच पाहत राहिली.

माझ्या ओठांवर उत्तर होतं. ते दिलं असतं तर आई उरलेल्या साऱ्या पायऱ्या रडत चढली असती. न दिलं तर तो प्रश्न रोज तिच्यासोबत चढणार.

"त्या औषधाने पाय बरे होतात की नाही, हेच अजून कोणाला माहीत नाही," मी म्हणाले.

ते खरं होतं. पण तिने ते विचारलं नव्हतं, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. मावशीने कठड्याला धरलं आणि म्हणाली, "चला, अजून अर्धा जिना आहे."