मावशींच्या सत्काराचा शब्द

मित्रांनो, माझे कव्हर फाटले आहे, शिवण उसवली आहे आणि पहिली सोळा पाने कधीच गळून गेली आहेत. तरीही मी शब्दकोशच आहे. इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेतले अर्थ सांगणे, एवढेच मला येते. आणि नेमके तेच मला करू दिले नाही, याचा आजही मला राग येतो.

बाइंडरने मला जाड दोऱ्याने शिवून लाल कापडात बांधले, तेव्हा माझा तोरा काही औरच होता. एका छापखान्याच्या मालकांनी मला विकत आणले आणि प्रुफे तपासणाऱ्या ताईंच्या टेबलावर ठेवले. निमंत्रणपत्रिका असो की मानपत्र, ताईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही छापले जात नसे. जरा शंका आली की त्या माझी पाने उलटत. "कोश काय म्हणतो ते बघू," असे त्या म्हणाल्या की हुज्जत घालणारे गिऱ्हाईकही निमूट बसे. अशी वीस वर्षे मी मानाने काढली.

मग धाकट्या मालकांनी कारभार हाती घेतला आणि कॉम्प्युटर आणला. चुकलेल्या स्पेलिंगखाली तो आपोआप लाल रेघ ओढतो, म्हणून सगळे खूश. स्क्रीन तेवढा ठेंगणा पडत होता. माझी जाडी त्याच्याखाली बरोबर बसली! तेव्हापासून स्क्रीनचा भार माझ्या पाठीवर आणि मला विचारणारे कोणी नाही.

एके दिवशी एक तरुण बाई काम घेऊन आली. तिची आई दवाखान्यात छत्तीस वर्षे आया होती. सगळे तिला मावशी म्हणत. मावशी निवृत्त होत होत्या आणि दवाखान्याने त्यांचा सत्कार ठरवला होता. मानपत्र इंग्रजीत हवे होते. लेकीने सुवाच्य अक्षरात लिहून आणले होते, ‘फेलिसिटेशन’. म्हणजे सत्कार. धाकट्या मालकांनी हा शब्द कधी ऐकला नव्हता. लिहिताना चुकले असेल असे समजून त्यांनी टाइप केले, ‘फॅसिलिटेशन’. म्हणजे सोय करून देणे. शब्द भलताच, पण स्पेलिंग अगदी बरोबर. मग लाल रेघ येणार कुठून?

मी खाली नुसता चरफडत होतो. दोन्ही शब्द माझ्याच पोटात, सहा पानांच्या अंतरावर!

प्रूफ वाचताना ताई थबकल्या. त्यांनी कोश मागितला. धाकटे मालक वैतागले. स्क्रीन उतरवा, वायरी काढा, एवढा खटाटोप कोण करणार? रेघ नाही म्हणजे चूक नाही, असे म्हणून ते मोकळे झाले. त्याच आठवड्यात त्या दोघांचे दोनदा खटके उडाले होते. ताईंना पुन्हा वाद नको होता. त्यांनी सही केली.

समारंभाच्या दुसऱ्या दिवशी मावशींची लेक छापखान्यात आली. तिने आवाजही चढवला नाही. पाहुण्यांनी मानपत्र वाचता वाचता विनोद केला होता, की आज आपण मावशींची सोय लावायला जमलो आहोत. सगळा हॉल हसला. मावशींना इंग्रजी येत नव्हते. आपले कौतुकच चालले आहे असे समजून त्याही हसल्या.

"आई कालपासून विचारतेय, सगळे का हसले म्हणून," लेक म्हणाली. "काय सांगू तिला?"

धाकटे मालक ओशाळले. नवे मानपत्र फुकट छापून देतो म्हणाले.

"कागद दुसरा मिळेल हो. तो दिवस कुठून आणू?"

ताई उठल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने स्क्रीन बाजूला ठेवला आणि मला बाहेर काढले. "मला शंका आली होती," त्या म्हणाल्या. "तरी मी सही केली. चूक माझी आहे. मावशींना मीच सांगते."

नवे मानपत्र आणि मी, दोघेही ताईंच्या पिशवीतून मावशींच्या घरी गेलो. ताईंनी काही न लपवता सगळे सांगितले.  मावशींनी विचारले, खरा शब्द कोणता होता? ताईंनी मला उघडून त्यांचे बोट त्या शब्दावर ठेवले आणि अर्थ वाचून दाखवला: अभिनंदन करणे, सत्कार करणे.

"छत्तीस वर्षं मी लोकांची सोयच केली," मावशी म्हणाल्या. "ते काही खोटं नाही. पण त्या दिवशी मला त्यासाठी बोलावलं नव्हतं ना?"

ताईंनी मला हळूच मिटले. एवढे हजारो शब्द पोटात असून काय उपयोग?

मावशींनी नवे मानपत्र घडी न मोडता कपाटात ठेवले. ते भिंतीवर लावा, असे म्हणायचा धीर कोणालाच झाला नाही.

मित्रांनो, आता मी पुन्हा टेबलावर असतो आणि धाकटे मालकही अधूनमधून मला उघडतात. पण माझी चरफड गेलेली नाही. सहा पाने उलटायला असा कितीसा वेळ लागतो? माझी धूळ झटका, मला नवे कव्हर घाला, असे माझे मागणे नाही. मनात शंका आली तर तिला गप्प बसवू नका. मावशींसारख्या माणसाचा सत्कार आयुष्यात एकदाच होतो.