ब्लासिदाच्या क्रूसाचं कापड

येरुतीने भाषण अकरा वेळा लिहिलं आणि अकराही वेळा ते तिला भयंकर आवडलं. मागच्याच महिन्यात शाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत तिने अख्ख्या जिल्ह्याला गप्प बसवलं होतं. तेव्हापासून ती आरशासमोरसुद्धा हातवारे करून बोलायची. आणि आता तर नगरपालिका तिच्या मावशीचा सत्कार करणार होती! निमिया मावशीचा आणि तिच्यासोबत जन्म काढलेल्या ब्लासिदाचा. एकीचा समोर बसवून, दुसरीचा मरणोत्तर. दोघींची ओळख करून द्यायचं काम येरुतीकडे आलं होतं, म्हणजे तिने ते मागूनच घेतलं होतं.

"तीन मिनिटं," मावशी म्हणाली. ती आंब्याखाली बसून तेरेरेच्या, म्हणजे थंड पानांच्या चहाच्या पेल्यात बर्फाचं पाणी ओतत होती. "आणि तुझी तीन मिनिटं नव्हेत. घड्याळातली."

"तीस वर्षांचं काम तीन मिनिटांत कसं सांगू, मावशी?"

"काम कसलं गं? पोरं दारात यायची, आम्ही जेवायला घालायचो. झालं!"

झालं कसलं! पोरग्यांवर प्रेम करणारे पोरगे, पोरींवर जीव लावणाऱ्या पोरी, कागदावर मुलगा आणि मनाने मुलगी असलेल्या कितीतरी जणी. घरच्यांनी हाकललं की ही पोरं एक पिशवी घेऊन या दोघींच्या ओसरीवर यायची. मावशी कसावा उकडायला टाकायची. ब्लासिदा चांगले बूट चढवायची आणि भांडायला निघायची: शाळेत, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, एकदा तर थेट राजधानीत, असुन्सिओनच्या कोर्टात. गावाने त्यांच्या पत्र्यावर दगड मारले, भिंतीवर घाण लिहिली. आता तेच गाव पितळी पाटी देणार होतं.

ब्लासिदा मात्र बघायला नव्हती. गेल्या मार्चमध्ये ती गेली, तेव्हा तिची बहीण एउलालिया इस्पितळातून परस्पर प्रेत घेऊन गेली आणि घराण्याच्या थडग्यात तिने तिला ठेवलं. ते थडगं म्हणजे छोटी दगडी खोलीच, लोखंडी जाळीचं दार असलेली. नऊ दिवस एउलालियाच्या घरी तिच्यासाठी जपमाळेची प्रार्थना झाली. नऊही दिवस मावशी रस्त्याच्या पलीकडे उभी होती. जा असं कुणी म्हटलं नाही, ये असंही नाही.

वर्ष भरलं की क्रूसाच्या हातांवर नवं कापड घालायचं असतं. ते घरचंच माणूस घालतं. मावशी वर्षभर तेच कापड तयार करत बसली होती. पांढरं सुती कापड, काठाला कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक लेस, मधोमध ब्लासिदाचं नाव. वर्ष रविवारी भरत होतं. सत्कार शनिवारी होता.

"एउलालिया बाईंना विचारलंस का?" येरुतीने विचारलं.

"बघू."

"बघू काय, मावशी! तुझा हक्क आहे तो!"

मावशीने पेला तिच्या हातात दिला. "येरुती, कापडाबद्दल कुठे बोलायचं नाही. अवाक्षर नाही. समजलं?"

"पण का?"

"नको म्हटलं ना!"

घाबरते, येरुतीला वाटलं. तीस वर्षं दगड झेलून शेवटी मावशी एका बाईला घाबरते! तिला मावशीची दया आली, आणि दया आली की येरुतीला जास्तच जोर चढायचा.

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. पंखे नुसतेच घरघरत होते, मागच्या रांगेत चिपाच्या, चीजच्या छोट्या पावांच्या टोपल्या फिरत होत्या. ओसरीवर वाढलेली कितीतरी जणं लांबून बस पकडून आली होती. पहिल्या रांगेत, पाद्रीबाबांच्या शेजारी, काळ्या कपड्यांत एउलालिया बसली होती. पाटीवर घराण्याचं आडनाव होतं, मग येणं भागच होतं.

येरुती बोलली, आणि काय बोलली! बुटांची गोष्ट सांगितली तेव्हा लोक हसले. पत्र्यावरच्या दगडांची सांगितली तेव्हा ज्यांनी दगड मारले होते ते खाली बघू लागले. महापौर बाईंनी चष्मा काढला. आणि मग येरुतीने पाहिलं, एउलालिया रुमालाने डोळे टिपत होती.

बस्स! याहून चांगली वेळ कुठली? येरुतीने हातातला कागद खाली ठेवला.

"उद्या ब्लासिदाला वर्ष होतंय. क्रूसावरचं कापड उद्या माझी मावशी घालणार आहे, कारण ती ब्लासिदाची विधवा आहे. एउलालिया बाई, तुम्ही दार उघडाल ना?"

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. लोक उभे राहिले, कुणी शिट्टी मारली. येरुती हसत मावशीकडे वळली. मावशी टाळ्या वाजवत नव्हती. ती फक्त एउलालियाकडे बघत होती.

एउलालिया उठली. तिच्या भावजया तिच्याकडे बघत होत्या, पाद्रीबाबा बघत होते, सगळं गाव बघत होतं.

"आमच्या घरात विधवा कुणी नाही," ती म्हणाली. "माझी बहीण बिनलग्नाची वारली." आणि ती बाहेर पडली.

पाटी घेऊन मावशी तिच्या मागोमाग गेली. येरुतीला लोकांनी घेरलं होतं, गालांचे मुके घेत होते, फोटो काढत होते.

ती घरी पोचली तेव्हा मावशी स्वयंपाकघरात बसली होती. पाटी टेबलावर पालथी पडली होती.

"बघितलंस?" येरुती दारातूनच उसळली. "कसली दगड बाई आहे! रडण्याचं नुसतं ढोंग! सगळ्यांदेखत..."

"तिने मला किल्ली दिली होती."

"कुणी?"

"एउलालियाने. मंगळवारी, बाजारात. माझ्या पिशवीत टोमॅटोखाली सरकवली आणि म्हणाली, रविवारी सहाला जा, आठच्या आत नीघ, मला यातलं काही माहीत नाही. आम्ही सगळे आठला येऊ, कापड आधीच असेल, मी म्हणेन मीच पाठवलं होतं."

येरुतीने टेबलाकडे पाहिलं. तिथे फक्त पाटी होती.

"मग ती किल्ली..."

"आत्ता सभागृहाच्या पायऱ्यांवर परत घेतली. तिला घ्यावीच लागली. आता ते कापड कुणी घातलं, हे भावजयांना लगेच कळलं असतं ना!" मावशीने डोळे मिटले. "रडत होती गं ती. माझा हात सोडत नव्हती."

"मी जाते. आत्ता जाते, त्यांची माफी मागते, सांगते की..."

"अजून बोलणार आहेस?"

मावशी ओरडली नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. येरुती लहान मुलीसारखी रडायला लागली. बऱ्याच वेळाने मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"खोटं काय बोललीस तू? विधवा. इतक्या वर्षांत मला कुणीच ब्लासीची कुणी म्हटलं नव्हतं. मला किती बरं वाटलं, सांगू? एक क्षणभर. पण बाळा, मला ते दार हवं होतं."

रविवारी सहाला तरीही दोघी गेल्या. जाळीला कुलूप होतं. आत क्रूसावर गेल्या वर्षीचं कापड पिवळं पडलं होतं. येरुतीने गजांमधून दंड आत घालून पाहिला.

"पोचतोय, मावशी! दे कापड, मी घालते."

"आणि आठ वाजता सगळ्यांसमोर तिला ते ओढून काढावं लागेल. नको. ते मला बघवणार नाही."

मग मावशी जाळीला कपाळ टेकून आत बोलू लागली. "ब्लासी, काल काय गर्दी होती म्हणून सांगू! तुझी सगळी पोरं आली होती. महापौरीण तुझं नाव घेताना अडखळली, तू असतीस तर तिथेच दुरुस्त केलं असतंस..." येरुती दूर जाऊन उभी राहिली. ते ऐकणं तिच्याच्याने होईना.

आठला घरची मंडळी आली. मावशी मुकाट्याने बाजूला झाली, दुसऱ्या कुणाच्यातरी थडग्याच्या मागे, कापडाची घडी छातीशी धरून. एउलालिया तिच्याजवळून गेली तेव्हा पावलं मंदावली, पण मान वळली नाही. कुलूप निघालं. बाजारातून आणलेलं, अजून घडीच्या रेघा असलेलं कापड क्रूसावर चढलं.

जपमाळ सुरू झाली. एउलालिया एक ओळ म्हणायची, बाकीचे उत्तर द्यायचे. परक्या थडग्यामागून मावशीही हळूच उत्तर देत होती, एकही ओळ न चुकवता. तिच्या शेजारी येरुतीही म्हणू लागली, मावशीपेक्षा हळू, फक्त ओठ हलवत.