झाकणाखालची साय

रविवारी सकाळी मी दादाच्या हातातून गाडीची किल्ली जवळजवळ हिसकावूनच घेतली. पाच आठवडे तो मला गाडीला हात लावू देत नव्हता. "चालतेय ना नीट? मग कशाला उगाच?" हे त्याचं पालुपद. रोज जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटर धावणारी गाडी, आत आजारी बाप, आणि सख्खा भाऊ गॅरेजवाला असून तिचं ऑइल कुणी बघायचं नाही, म्हणजे दिव्याखाली अंधारच. मी त्याला तसं सुनावलंही. तो नुसता हसला. मला वाटलं, थकलाय.

बाबांच्या छातीत गाठ निघाली होती. शेजारच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात किरणांचे शेक घ्यायचे होते, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. दादा छापखान्यात दुपारपाळीला, म्हणून सकाळी न्यायचं काम त्याच्याकडे आलं. आई रोज दोघांचा डबा भरून द्यायची. आणि शेक बाबांना चांगलेच मानवले होते. जेवण तुटलं नव्हतं, तोंडावर तजेला होता. आमचा म्हातारा जुन्या बनावटीचा आहे, असं मी गिऱ्हाइकांना सांगत सुटलो होतो.

गाडी गॅरेजात लावली, ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं. झाकणाच्या आतून पिवळट पांढरी साय धरली होती. बोटाने काढली तर चिकट गाळ. ऑइलची पट्टी काढली, ती बरी दिसली, फक्त वरच्या टोकाला दोन-चार पाण्याचे मणी. तरी ऑइलचा एक थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकला. तो तडतडला. ऑइलमध्ये पाणी होतं.

आता पाणी ऑइलमध्ये दोन वाटांनी येतं. एक म्हणजे गॅसकेट फाटतं. इंजिनाचं हेड आणि खालचा ठोकळा यांच्यामध्ये बसवलेला तो पातळ थर गेला, की इंजिन थंड ठेवणारं पाणी ऑइलमध्ये उतरतं. हा जीवघेणा आजार. दुसरी वाट अगदी साधी. गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन बंद केली की इंजिन पुरतं तापत नाही, आतला दमटपणा उडून जात नाही आणि झाकणाखाली साय धरते. थंडीत तर हमखास. भाजीपुरती गाडी काढणारे असले महाभाग माझ्याकडे दर आठवड्याला येतात. त्यांचं ऑइल बदलतो आणि "अधूनमधून लांब फिरवत जा" म्हणून पिटाळतो.

म्हणून गिऱ्हाइकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला, गाडी रोज किती चालते? त्याच्या उत्तरावर विश्वास न ठेवता मी आधी मीटर बघतो. पण घरच्या गाडीचा मीटर कोण बघतो? रोजचे एकशे दहा मला तोंडपाठ होते. एवढं तापलेल्या इंजिनात दमट हवा टिकेलच कशी? म्हणजे गॅसकेटच.

रेडिएटर काठोकाठ भरलेला होता. म्हटलं, दादाने भरला असेल. दाब लावून पाहिला, काटा जागचा हलला नाही, म्हणजे गळती नव्हती. तिथेच थांबायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे भर रस्त्यात वाफा सोडणारी गाडी आणि कडेला दगडावर बसलेले बाबा येत होते. मी पाने घेतले आणि तीन तासांत हेड उतरवलं.

गॅसकेट धडधाकट होतं. मी ते उजेडात धरलं, उलटंपालटं केलं, कडेकडेने नख फिरवलं. कुठे काही नाही. वीस वर्षं या धंद्यात काढून मी एक निरोगी इंजिन फाडून बसलो होतो. हात पुसले, दार उघडून किल्ली फिरवली आणि पहिल्यांदा मीटर पाहिला. शेक सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी ऑइल बदललं होतं, तेव्हाचा आकडा बॉनेटखाली माझ्याच अक्षरात चिकटवलेला होता. वजाबाकी केली. पुन्हा केली.

एकशे ब्याऐंशी किलोमीटर. पंचवीस दिवसांत.

मी तिथेच टायरवर बसलो. फोन करून दादाला म्हटलं, "ये. आत्ताच्या आत्ता."

तो आला. उघडं इंजिन पाहून दारातच थांबला. "हेड काढलंस?"

"माझं सोड. बाबांना तू नेतोस कुठं?"

त्याने नजर इंजिनाकडे वळवली. मी त्याची कॉलर धरली. मोठ्या भावावर हात टाकायची ती आयुष्यातली पहिली वेळ. "बाप मरतोय आपला! आणि तू गाडी कोपऱ्यावर लावून झोपा काढतोस?"

"पाण्याच्या टाकीमागे मैदान आहे ना, तिथं," दादा म्हणाला. "दोघं बुद्धिबळ खेळतो. पोरांचा सराव बघतो. डबा खातो आणि येतो. इस्पितळात एकदाच गेलो, पहिल्या दिवशी." मग हलकेच माझी बोटं सोडवत म्हणाला, "मला ओरडून काय होणार? त्यांनाच विचार. मी शब्द दिलाय."

घरी बाबा खिडकीशी उन्हात बसले होते, शर्टाचं तुटलेलं बटण लावत. जन्मभर शिंप्याचं काम केलेला माणूस, हात अजून स्थिर. माझे काळे हात आणि मागून येणारा दादा पाहून त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली.

"कळलं वाटतं."

"तुम्ही शेक घेतलेच नाहीत?"

"नाही."

"एकही?"

"डॉक्टरांना मी सरळ विचारलं. बाई सरळ बोलली. काही केलं नाही तर आठ-नऊ महिने. शेक घेतले तर आणखी तीन-चार, पण मध्ये घास उतरणार नाही, अंथरूण धरावं लागेल. तिथं बसलेली माणसं पाहिली मी. कापड किती आहे ते बघूनच कात्री लावावी, बाळा."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं? मी काय परका आहे?" मी ओरडलो. "आई, ऐकतेस ना हे?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला, पण तिला धक्का बसलेला नव्हता. ते पाहून मला दुसरा बसला. रोज पहाटे उठून भरलेला तो डबा इस्पितळासाठी नाही, हे तिला ठाऊक होतं. घरात आंधळा मी एकटाच.

"तुला सांगितलं असतं," बाबा म्हणाले, "तर तू मला उचलून नेलं असतंस. दहा डॉक्टर केले असतेस. हाती घेतलेलं तू दुरुस्त केल्याशिवाय सोडत नाहीस. चांगला गुण आहे तो. पण मी दमलो असतो रे, तुझ्यापुढे नाही म्हणता म्हणता."

मला रागाने बोलायचं होतं. गेले पाच आठवडे ज्या तजेल्यावर मी खूश होतो, तो औषधाचा नव्हता. बरा होत चाललेला बाप मीच मनाने रचला होता, आणि तो आता एका वाक्यात गेला. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

माझं रडं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी कधी मिळेल?"

"खोलून बसलोय. चार दिवस तरी लागतील."

"चार दिवस फार होतात," बाबा म्हणाले.

त्यांनी तक्रार केली नव्हती. तरी ते ऐकून मी गार पडलो. एक धडकं इंजिन खोलून मी त्यांच्या दिवसांतले चार घेतले होते.

"उद्या गॅरेजची व्हॅन आणतो," मी म्हणालो. "मी नेतो तुम्हाला."

बाबांचा हात माझ्या डोक्यावरून निघाला. त्यांनी आधी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्या नजरेत भीती होती. मरणाची नव्हती. माझी होती.

"कुठं नेशील?"

इस्पितळाचा रस्ता मला पाठ होता. तासाभराचं काम. जिभेवर तेच नाव होतं, दातांमागे आलेलं.

"मैदानावर," मी म्हणालो, आणि हे मीच बोललो यावर माझाच विश्वास बसेना.