गोदूचा होकार

गोदू बकरीची छाती एकदा उघडून झाली होती आणि आता डॉक्टर अपूर्वला ती पुन्हा उघडायची होती. पनवेलबाहेरच्या त्या प्रयोगशाळेत हृदयाच्या नव्या झडपा माणसाआधी बकऱ्यांना बसवून पाहतात. तिथली जनावरांची डॉक्टर भावना. तिने हो म्हटल्याशिवाय कुठल्याही जनावराला भूल देता येत नाही.

"नवी बकरी आणली तर तिचीही छाती फाडायची," अपूर्व म्हणाला. "त्यापेक्षा हीच बरी नाही का, मॅडम?"

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडून मोकळं तरी होता आलं असतं.

गोदूला अक्कल अशी, की जिने टोचलं तिच्याच ओढणीचं टोक चघळायचं. भावनाचा जीव तिच्यात अडकला होता. पण घरी सासूच्या छातीत अशीच एक झडप टिकटिकत होती, त्यामुळे नाही म्हणायला जीभ रेटेना. शेवटी ही शिकलीसवरलेली बाई जत्रेत करतात ते करून बसली. ओंजळभर पाणी तिने गोदूच्या डोक्यावर सोडलं. देवीला बकरा देताना तिच्या आगरी माणसांत असंच पाणी सोडतात. बकऱ्याने अंग झाडलं की तो राजी.

गोदूने अंग झाडलं. भावनाने अपूर्वला हो सांगितलं आणि हलक्या मनाने घरी आली.

सासू, गुणाबाई, ओटीवर जवळा निवडत बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "कानात पानी गेल्यावर कोन नाय आंग झारनार गो?"

"पण आई, जत्रेत…"

"जत्रंत पन तसाच. नाय झारला तं आनकी ओतायचा. पंगत खोलंबलेली आसतं ना!" जवळ्यातला हात थांबला. "माजे छातीतला पन कुनाचे तरी जिवावर हाय, मना म्हाईत हाय. घ्यावा लागतं तं घ्यावा, पोरी. पन घेतला म्हन. तिनी दिला म्हनू नको."

सकाळी भावनाने अपूर्वला फोन लावला. "गोदूला पुन्हा टेबलावर घ्यायचं नाही."

"काल तर हो म्हणालात!"

"तो होकार माझाच होता, तिच्या नावावर खपवलेला. तिच्याकडून एकदा घेतलंय आपण. तेवढं पुरे."

"मग नवी बकरी आणावी लागेल," अपूर्व म्हणाला. "तिला भूल तुम्हीच द्याल ना?"

"मीच देईन," भावना म्हणाली. तिने फोन ठेवला आणि अजून न पाहिलेल्या त्या बकरीसाठी तिला रडू कोसळलं.